अठ्ठाविसाचा पाढा

दिवाळीच्या खरेदीसाठी माझी भाची परवा माझ्याकडे आली होती. गुलमंडीवरून फिरून, दमून आम्ही घरी आलो. तिने पर्समधून पैसे काढताना एक घडी केलेला छापील कागद खाली पडला. मी उचलून दिला. देताना नजर गेली. त्यावर एक ते अठ्ठावीस असे आकडे चौकटींत मांडलेले होते, अकरा ते सोळा या चौकटी रंगविलेल्या होत्या आणि चौदाच्या आकड्याभोवती कोणीतरी लाल पेनाने गोल केलेला होता.

"हे काय गं?"

ती लाजली. लग्नाला दोन वर्षे झाली आहेत. "मावशी, दवाखान्यात दिलंय. तो दिवस चुकला की महिना वाया गेला, म्हणतात."

"तुझी पाळी किती दिवसांनी येते?"

"चाळीस. कधी पंचेचाळीस. एकदा तर दोन महिने आलीच नव्हती."

"हे त्यांनी विचारलं?"

"नाही. शेवटची तारीख विचारली."

मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसले. वीस वर्षांपूर्वी अगदी असाच कागद मला मिळाला होता. या वीस वर्षांत शहराचे नाव बदलले. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. कागद मात्र बदलला नाही. म्हणून हा लेख. वाचकांपैकी कोणाला दिवाळीच्या फराळाबरोबर हा विषय रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. परंतु ज्यांना तो रुचणार नाही त्यांच्याच घरी तो असण्याचा संभव अधिक, म्हणून त्यांनीच तो आधी वाचावा.

मी शाळेत गणित शिकवीत आले. अठ्ठाविसाचा पाढा आम्ही मुलांकडून पाठ करून घेत नाही. पण लग्न होऊन वर्ष उलटले की प्रत्येक बाईला तो पाठ असावा असे सारे जग गृहीत धरते. अठ्ठावीस दिवसांनी पाळी, चौदाव्या दिवशी अंडे, नवव्या महिन्यात बारसे! या पाढ्यात जी बसत नाही ती नापास. माझे म्हणणे असे आहे की नापास झाली आहे ती बाई नव्हे. गणित चुकीचे मांडले आहे.

चूक कोठे आहे ते सांगते. स्त्रीच्या अंडाशयातून अंडे बाहेर पडते ते पुढच्या पाळीच्या आधी सुमारे बारा ते चौदा दिवस, एखाद्या वेळी सोळा. मागच्या पाळीनंतर चौदा दिवसांनी नव्हे. ज्या बाईची पाळी नेमकी अठ्ठावीस दिवसांची आहे तिच्या बाबतीत दोन्ही हिशेब एकाच चौकटीत येऊन मिळतात, म्हणून चूक झाकली जाते. चाळीस दिवसांची पाळी घ्या. चाळिसातून चौदा वजा करा, सव्वीस उरतात. पंचेचाळीस घ्या, एकतीस. माझ्या भाचीच्या कागदावर लाल गोल होता चौदावर, आणि तिचे अंडे निघत असणार सव्विसाव्या-सत्ताविसाव्या दिवशी, म्हणजे बहुधा कागद संपण्याच्या बेतात! पुरुषबीज स्त्रीच्या शरीरात फार तर पाच दिवस टिकते, अंडे एक दिवससुद्धा धड टिकत नाही. चौदाव्या दिवशीची भेट सव्विसाव्या दिवसापर्यंत पुरणार कशी?

हे समजायला अवघड नाही. आपल्या मध्यवर्ती बसस्थानकावरून पुण्याची एसटी सुटायची असते. ती कधी वेळेवर सुटते, कधी दोन तास उशिरा. पण एकदा सुटली की पुण्याला पोचायला लागणारा वेळ साधारण तेवढाच. उशीर होतो तो फलाटावर, रस्त्यात नव्हे. लांब पाळीचे असेच आहे. अंडे पिकायला वेळ लागतो; ते एकदा सुटले की पुढचे दिवस जवळपास ठरलेले. गाडी किती वाजता सुटली हे शोधायचे असेल तर पोचण्याच्या वेळेपासून मागे मोजले पाहिजे. आणि हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की काही वेळा गाडी सुटतच नाही. पाळी येते, पण तिच्या आधी अंडे निघालेलेच नसते. ज्यांच्या पाळ्या फार लांबतात त्यांच्यात हे अधिक वेळा घडते. आणि गाडी सुटली की नाही, हे चौदाच्या चौकटीत पाहून कधीच कळत नाही.

मागे मोजण्याचा हा शोध नवा असता तर दवाखान्यांना दोष दिला नसता. जपानमध्ये निइगाता येथे ओगिनो नावाच्या शल्यवैद्याने शस्त्रक्रियेच्या वेळी अंडाशये प्रत्यक्ष पाहून हा निष्कर्ष १९२४ मध्ये प्रसिद्ध केला. ऑस्ट्रियात क्नाऊस यानेही त्याच दशकात स्वतंत्रपणे जवळपास तेच सांगितले. म्हणजे या गोष्टीला शंभर वर्षे होऊन गेली. अलीकडे तर मोजदादही झाली आहे. २०१९ मध्ये सहा लाखांहून अधिक पाळ्यांच्या नोंदींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नेमक्या अठ्ठावीस दिवसांच्या पाळ्या किती निघाल्या? शंभरात तेरा. त्याआधी २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात असे दिसले की, ज्यांचे फलनक्षम दिवस दहा ते सतरा या छापील मर्यादेत पूर्णपणे बसतात अशा स्त्रिया शंभरात तीसच. ज्याला आपण नियम म्हणतो तो अल्पसंख्याकांचा आहे, आणि बहुसंख्य बायकांना आपण अनियमित म्हणतो!

मला या ठिकाणी एका गणिताच्या प्राध्यापकाची आठवण होते. र. धों. कर्वे मुंबईला विल्सन कॉलेजात गणित शिकवीत. १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले, त्या कामापायी नोकरी सोडली, आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालविले. वाचकांनी विचारलेल्या खासगी प्रश्नांना त्यांनी छापील उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि १९३४ मध्ये त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांनी पुढे १९५० मध्ये आमच्या या शहरात मिलिंद महाविद्यालय उभारले. खटला हरला. पण मूल नको असेल तर काय करावे, हे मराठीत उघड बोलता येऊ लागले ते त्या हरलेल्या खटल्यामुळे. मूल हवे असेल तर काय करावे, हे मात्र आजही आपण कुजबुजत बोलतो, आणि कुजबुजीत नेहमीच चुकीचा आकडा लौकर पसरतो.

आता माझे स्वतःचे सांगते. माझे लग्न २००५ मध्ये झाले. वर्षभराने प्रश्न सुरू झाले. "काय गं, काही आहे का नाही? आम्ही वाट बघायलोत." हळदीकुंकवात, बारशात, लग्नाच्या पंगतीत. सासूबाई कर्णपुऱ्याच्या देवीला नवस बोलल्या. त्या नवसाचा मला कधी राग आला नाही. देवी तारीख विचारीत नाही. राग आला तो तारखेच्या कागदाचा. चौदावा दिवस आला की घरात एक विचित्र शांतता पसरे. यजमान संकोचत, मी रडकुंडीला येई, आणि दुसऱ्या दिवशी सासूबाई माझा चेहरा न्याहाळीत. नवराबायकोतील जे काही हळुवार असते त्याची आम्ही परीक्षा करून टाकली, आणि तीही चुकीच्या तारखेची!

मग तपासण्या. एकविसाव्या दिवशी रक्त द्यायचे, त्यात प्रोजेस्टेरॉन पाहायचे. अंडे निघून गेले की ते वाढते. माझे वाढलेले नव्हते. "अंडं तयार होत नाही," असे मला सांगण्यात आले. पंचेचाळीस दिवसांच्या पाळीत एकविसाव्या दिवशी ते वाढेल कोठून? अंडे निघायला अजून दहा दिवस होते. ही तपासणी पुढच्या पाळीच्या साधारण आठवडाभर आधी करावयाची असते. माझ्या बाबतीत अडतिसाव्या दिवसाच्या सुमारास. पाळीचा भरवसाच नसेल तर पाळी येईपर्यंत दर आठवड्याला. 'एकविसावा' हा आकडासुद्धा अठ्ठाविसाच्याच पाढ्यातला आहे. तीन वेळा मी एकविसाव्या दिवशी रक्त दिले आणि तीनही वेळा वांझपणाचा शेरा घेऊन घरी आले.

यजमानांची तपासणी झाली ती चौथ्या वर्षी. "त्याला काय झालंय?" असे सासूबाईंचे म्हणणे होते, आणि खरे सांगायचे तर डॉक्टरांनीही आग्रह धरला नव्हता. वास्तविक मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडील कारणाचा वाटा असतो, आणि त्याची पहिली तपासणी सर्वांत सोपी व स्वस्त. ना सुई, ना शस्त्र. ती सर्वांत शेवटी होते. यजमानांत काही दोष निघाला नाही. पण तो निघाला असता तर माझी ती चार वर्षे कोणत्या खात्यावर मांडायची होती?

शेवटी एका वयस्कर डॉक्टरीणबाईंनी मला साधा प्रश्न विचारला, "तुमची पाळी किती दिवसांची?" चार वर्षांत हे विचारणारी ती पहिली व्यक्ती. त्यांनी एक वही घालायला सांगितली. मी गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर नोंदी सुरू केल्या. रोज सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वीचे तापमान. अंडे निघून गेल्यावर ते किंचित चढते आणि चढलेले राहते. अंगावरून जाणारा स्राव. अंडे निघण्याच्या आधी तो अंड्यातील पांढऱ्या बलकासारखा ताणला जातो. आणि त्यांनी सर्वांत शहाणपणाचे सांगितले ते हे, की दिवस शोधत बसू नका. दोन-तीन दिवसांआड जवळ येत राहिलात तर कोणतीही तारीख चुकत नाही. एवढ्या एका वाक्याने आमच्या घरातील ती चौदाव्या दिवसाची शांतता गेली.

२००९ मध्ये मला दिवस गेले. आपल्या मराठीत गर्भ राहण्याला 'दिवस जाणे' म्हणतात. मोजणी आपल्या शब्दातच आहे. आणि त्या मोजणीने माझा दुसऱ्यांदा घात केला असता. शेवटच्या पाळीपासून सत्तावन्नाव्या दिवशी मी शहरातील एका दवाखान्यात सोनोग्राफीला गेले. पडद्याकडे पाहून मला सांगण्यात आले, "आठ आठवडे पूर्ण झालेत, पण गर्भ त्या मानाने दिसत नाही, ठोकाही नाही. वाढ थांबलीय. उद्या उपाशीपोटी या, पिशवी साफ करून टाकू." यजमानांनी मान डोलावली. मीही डोलावली असती. पण माझ्याजवळ वही होती. वहीप्रमाणे अंडे एकतिसाव्या दिवशी निघाले होते. चौदाऐवजी एकतीस, सतरा दिवसांचा फरक. सत्तावन्नातून सतरा वजा केले तर चाळीस दिवस, म्हणजे सहा आठवड्यांनाही दोन दिवस कमी. त्या वेळी ठोका दिसलाच पाहिजे असे कोठे आहे?

मी म्हटले, "दहा दिवस थांबते." त्यांना ते आवडले नाही. दहा दिवसांनी दुसऱ्या ठिकाणी गेले, आणि पडद्यावर ज्वारीच्या दाण्याएवढ्या ठिपक्यात काहीतरी लुकलुकताना दिसले. ती माझी मुलगी. आज ती कॉलेजात आहे.

मला मूल झाले म्हणून मी हे विजयाने सांगते आहे असे समजू नये. ते वही घातल्यामुळे झाले असेही माझे म्हणणे नाही. अनेकींच्या वह्या भरतात आणि पाळणा रिकामा राहतो, त्यांचेही आयुष्य पुरे असते. माझे म्हणणे एवढेच की, एका वजाबाकीअभावी एक जिवंत गर्भ उपाशीपोटी टेबलावर गेला असता, आणि कोणाला कधी कळलेही नसते. आज याविषयी स्पष्ट नियम आहेत: गर्भाची लांबी सात मिलिमीटर होऊनही ठोका नसेल, किंवा गर्भाची पिशवी पंचवीस मिलिमीटरची होऊनही आत गर्भ नसेल, तरच वाढ थांबली असे म्हणावे, एरवी, रक्तस्राव किंवा तीव्र वेदना नसतील तर, थांबून पुन्हा पाहावे. गर्भाचे वय पहिल्या तीन महिन्यांत त्याच्या लांबीवरून ठरवावे, बाईने सांगितलेल्या तारखेवरून नव्हे. नियम आहेत. पण नियम पुस्तकात असतात आणि बाई रांगेत असते.

कोणी म्हणेल, डॉक्टरांना हे सारे ठाऊक असते. असते, मी कोठे नाही म्हणते? पण बाहेर साठ बायका बसलेल्या असताना छापील कागद हाती देणे सोपे, आणि "तुझी पाळी किती दिवसांची?" हे विचारून उत्तर ऐकून घेणे कठीण. मोबाईलवरची ॲपेही याच चालीची. सरासरी काढून उद्याचा दिवस सांगतात, आणि ज्या बाईची सरासरीच डळमळीत आहे तिला ठाम आवाजात खोटे सांगतात.

कोणी असेही म्हणेल की, अशा पाळ्या हा आजारच आहे, त्याला औषध हवे, वही काय कामाची? औषध हवेच. पस्तीस दिवसांवर पाळ्या जात असतील तर कारण शोधले पाहिजे; तीन-तीन महिने पाळी येत नसेल तर मूल हवे असो वा नसो, तपासून घेतले पाहिजे, कारण गर्भाशयाचे अस्तर विनाकारण वाढत राहणे बरे नव्हे. कारण थायरॉईड असेल, प्रोलॅक्टिन असेल, अतिकष्ट नि अर्धपोट असेल, किंवा ज्याचे नाव आता सर्वांच्या तोंडी आहे ते पीसीओएस असेल. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी १९३५ मध्ये त्याचे वर्णन केले. त्यातील 'गाठी' म्हणजे गाठी नव्हेत, अर्धवट वाढून थांबलेली अंड्यांची घरटी. पण 'अंडाशयावर गाठी' एवढे ऐकून मुलीचे लग्न मोडलेले मी पाहिले आहे. त्यावर औषधे आहेत. २०१४ मध्ये साडेसातशे स्त्रियांवरील एका अमेरिकन चाचणीत जुन्या क्लोमिफेनने शंभरात एकोणिसांना, तर लेट्रोझोलने सत्तावीस जणींना मूल झाले. आपल्याकडे २०११ मध्ये वंध्यत्वासाठी लेट्रोझोल वापरण्यावर बंदी आली होती. ती २०१७ मध्ये उठली. आज तेच पहिल्या पसंतीचे औषध आहे. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. पण कोणतेही औषध दिले तरी अंडे कधी निघाले ते मोजावेच लागते. तेव्हा वजाबाकी काही सुटत नाही.

आता मुळाशी जाते. हा अठ्ठाविसाचा हट्ट येतो कोठून? मनुस्मृतीत स्त्रीचा ऋतुकाल सोळा रात्रींचा सांगितला आहे. पहिल्या चार वर्ज्य, सम रात्री मुलगा, विषम रात्री मुलगी. चाळीस दिवसांची पाळी असलेली बाई त्या सोळा रात्रींत कोठेच बसत नाही. दवाखान्यातील कागदाची अकरा ते सोळा ही चौकट पाहा. ती त्याच सोळा रात्रींत बसते! पोथी बदलली, हट्ट तोच राहिला: बाईच्या शरीराने दुसऱ्याच्या वेळापत्रकाने चालावे.

आणि हे फक्त पांढरपेशांच्या घरात आहे असे नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार बायकांची २०१९ मध्ये सरकारी पाहणी झाली. ८२ हजारांहून अधिक बायकांत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली निघाली. पाळीमुळे खाडा पडतो, खाड्याचे पैसे कापले जातात, दुखले की डॉक्टर सांगतात, 'पिशवी काढून टाका.' एका घरी पिशवीने चौदाव्या दिवशी काम सुरू केले नाही म्हणून ती दोषी, दुसऱ्या घरी तिच्यामुळे चार दिवस काम बंद पडते म्हणून ती दोषी. तिचा स्वतःचा दिवस कोणता, हे दोन्हीकडे कोणी विचारले नाही.

काही सभ्य वाचक म्हणतील, ही खासगी गोष्ट चव्हाट्यावर कशाला? अहो, ती चव्हाट्यावरच आहे! ओटी भरताना कोणाला वगळायचे, डोहाळजेवणात कोणाला मागे बसवायचे, हे साऱ्या गल्लीला ठाऊक असते. खासगी राहिली आहे ती एवढी वजाबाकी.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. कोणतीही तपासणी लिहून देण्यापूर्वी पाळी किती दिवसांची हे विचारावे. बायकोची पहिली तपासणी होईल त्याच दिवशी नवऱ्याचीही व्हावी. पिशवी साफ करण्याआधी आठवडा-दहा दिवसांनी पुन्हा पाहावे. आणि तो छापील कागद रद्दीत द्यावा.

शेवटी आपल्या पंचांगाकडे पाहा. चंद्राचे वर्ष ३५४ दिवसांचे, सूर्याचे ३६५ दिवसांचे. मेळ बसत नाही. म्हणून आपल्या पूर्वजांनी चंद्राला रोगी ठरवले नाही. सुमारे तेहतीस महिन्यांनी एक अधिक मास घातला. २०२३ मध्ये श्रावणच दोन आले, आणि कोणी हूं की चूं केले नाही. उलट त्या कोठेच न बसणाऱ्या महिन्याला पुरुषोत्तमाचे नाव दिले, आणि त्या महिन्यात जावयाला घरी बोलावून तेहतीस अनारसे वाण देण्याची चाल पाडली. वर्षाचे जास्तीचे दिवस जावयाला अनारसे मिळवून देतात. त्याच्या बायकोचे जास्तीचे दिवस तिला वांझ ठरवतात.

माझ्या भाचीचा कागद मी ठेवून घेतला आणि तिला एक चौकटीची वही दिली. पहिल्या पानावर तिने स्वतःच आकडे घातले. अठ्ठाविसावर ती थांबली, माझ्याकडे पाहिले, आणि पुढे एकोणतीस लिहिला.